मागच्या चाकाचा एक्सल आणि माझे ५ मिलिमीटर

जुन्या रोड बाइकचा मागचा एक्सल वाकला होता, चाक हाताने फिरवलं की टोक डुगडुगताना दिसायचं. दुकानात गेलो, क्विक रिलीजचा (म्हणजे आतून रॉड घालून लिव्हरने आवळायचा) पोकळ एक्सल द्या म्हटलं, त्याने दिला, मी छर्रे-ग्रीस नवीन टाकून घरीच बसवला आणि दुसऱ्या दिवशी थेट जुना कात्रज घाट. चढावर उभा राहून पेडल मारलं की टायर डाव्या बाजूला फ्रेमला घासायचं. थांबायचं, चाक सरळ करायचं, लिव्हर अजून आवळायचा, दोन वळणं गेली की परत तेच. मला वाटलं लिव्हरच बाद झालाय.

घरी व्हर्निअर लावला तेव्हा कळलं. माझा हब (चाकाचा मधला भाग, ज्यातून एक्सल जातो) १३० मिमीचा, म्हणजे दोन्ही लॉकनटच्या (एक्सलवरच्या बाहेरच्या नटांच्या) बाहेरच्या तोंडांमधलं अंतर, आणि दुकानदाराने दिलेला एक्सल १४६ चा, जो १३५ च्या एमटीबी (माउंटन बाइक) हबला लागतो. म्हणजे दोन्हीकडे ८-८ मिमी बाहेर, आणि माझ्या फ्रेमचा ड्रॉपआउट (एक्सल ज्या खाचेत बसतो ती पट्टी) जाड किती, तर ६! क्विक रिलीज फ्रेमला दाबतच नव्हतं, एक्सलच्याच टोकांवर आवळून बसलं होतं, मग चेनने उजवी बाजू पुढे ओढली की चाक तिरकं होणारच ना.

साधारण हिशोब असा की हबच्या मापात ११ मिळवायचे, १३० ला १४१, १३५ ला १४६, जुन्या १२६ वाल्या फ्रेमला १३७. नटवाला भरीव एक्सल असेल तर हे सगळं विसरा, तिथे वायसर आणि नटासाठी आटे बाहेर लागतातच, तो बराच लांब असतो.

१४१ चा लगेच मिळेना म्हणून एका बाजूने ५ मिमी कापला. कापायच्या आधी आत एक नट चढवून ठेवला, नंतर तो काढताना आटे साफ होतात (हे एका मेकॅनिक काकांनी सांगितलेलं, नाहीतर मी कोन, म्हणजे छर्ऱ्यांवर टेकणारा शंकूसारखा नट, चढवताना रडलो असतो). मग कोन आणि लॉकनट सरकवून दोन्हीकडे साडेपाच-साडेपाच काढले, त्यातच अर्धा तास गेला.

आता चाक बसवलं की लिव्हरचा रॉड घालायच्या आधी ड्रॉपआउटवरून बोट फिरवून बघतो, एक्सलचं टोक किंचित आत लागलं पाहिजे, बाहेर आलं असेल तर चाक परत खाली.