इनबॉक्सातले जुने बोधचिन्ह

वडोदऱ्यातील एका जुन्या सहकारी बँकेच्या ईमेल-व्यवस्थेची देखभाल आमच्या कार्यालयाकडे आहे. बँकेचे बरेचसे सभासद दांडिया बाजार आणि रावपुरा या भागांतल्या मराठी घरांतले असून त्यांत वयस्करांची संख्या मोठी आहे. मुदत ठेवींच्या नूतनीकरणाच्या सूचना ज्या सकाळी एकगठ्ठा रवाना झाल्या, त्याच सकाळी महाराजा सयाजीराव विद्यापीठातून निवृत्त झालेल्या एका काकांचा फोन बँकेने माझ्याकडे जोडून दिला. "ताई, बँकेच्या मेलशेजारी नेहमी तुमची मुद्रा आणि निळी खूण असते. आज तिथे नुसतं एक अक्षर आहे. हिच्या फोनवर मात्र मुद्रा दिसते आहे. मी अजून कशालाही हात लावलेला नाही. हा मेल खरा आहे ना?"

त्यांनी विचारले ते अगदी योग्य होते. मी खात्री करून कळवीपर्यंत मेलमधली लिंक उघडू नये, असे त्यांना सांगितले आणि बँकेच्या चाचणी खात्यात आलेल्या त्याच सूचनेचे शीर्षलेख, म्हणजे मेलसोबत येणारी तांत्रिक माहिती, उघडले. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या, प्रेषक खरा आहे का ते पाहणाऱ्या, तिन्ही तपासण्या उत्तीर्ण झालेल्या होत्या, म्हणजे मेल बँकेच्याच सर्व्हरवरून निघालेला होता. नापास झाली होती ती फक्त बोधचिन्हाची, म्हणजे बिमीची, तपासणी.

ही व्यवस्था अशी चालते. पाठवणारी संस्था आपल्या डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यांच्या सार्वजनिक यादीत, एक नोंद ठेवते. तीत दोन पत्ते असतात: एक बोधचिन्हाच्या एसव्हीजी (एक चित्रप्रकार) फाइलचा आणि दुसरा त्या बोधचिन्हाच्या प्रमाणपत्राचा. मेल आला की वाचकाचा ईमेल-पुरवठादार (जीमेल, याहू वगैरे) आधी डीमार्क पाहतो. पाठवणाऱ्या संस्थेने त्यात ठरवलेले धोरण बनावट मेल अडवण्याइतके कडक नसेल, तर बोधचिन्हाचा विचारच होत नाही. ते कडक असेल तर पुरवठादार ही नोंद वाचतो, फाइल आणि प्रमाणपत्र स्वतः उतरवून घेतो, तपासतो आणि चित्राची प्रत आपल्याकडे साठवून ठेवतो. वाचकाला दिसते ती ही साठवलेली प्रत, आमच्या सर्व्हरवरचे चित्र नव्हे.

या मांडणीचे मोल मला त्या दिवशी सर्व्हरच्या नोंदवहीत प्रत्यक्ष दिसले. हजारो सूचना गेल्या होत्या, पण बोधचिन्हाच्या फाइलसाठी आलेल्या मागण्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या आणि त्यांतली एकही कुणा सभासदाच्या फोनवरून आलेली नव्हती. मेल उघडताना प्रत्येक वेळी चित्र आमच्याकडून मागवले गेले असते, तर कोणी, कधी आणि कोणत्या जोडणीवरून मेल वाचला हे आम्हाला कळले असते. विश्वासासाठी लावलेली खूण अशा रीतीने पाळतीचे साधन बनली असती. मेलच्या मजकुरातली चित्रे जीमेल डिसेंबर २०१३ पासून आपल्या मधल्या सर्व्हरमार्फत दाखवते, त्याच्या मुळाशीही हीच काळजी आहे.

नोंदवहीत आणखी एक गोष्ट सापडली. आदल्या रात्री एसव्हीजी फाइल बदललेली होती. बँकेने नवे बोधचिन्ह स्वीकारले होते आणि संकेतस्थळ सांभाळणाऱ्या संस्थेने जिथे जिथे जुने चित्र दिसले तिथे तिथे त्याच नावाने नवे चढवले होते. प्रमाणपत्रात मात्र जुनेच होते. व्हीएमसी (व्हेरिफाइड मार्क सर्टिफिकेट) या प्रकारच्या प्रमाणपत्रात बोधचिन्ह स्वतःच अंतर्भूत असते, आणि नोंदीत दिलेली फाइल त्याच्याशी जुळली पाहिजे, असा नियम आहे. काकांच्या मेलपेटीसाठी तपासणी झाली तेव्हा दोन्ही जुळले नाहीत, म्हणून काहीच दाखवले गेले नाही. त्यांच्या पत्नीचे खाते दुसऱ्या पुरवठादाराकडे होते आणि तिथे आधी साठवलेली जुनी प्रत अजून मुदतीत होती. याहूसारखे काही पुरवठादार चांगली पत असलेल्या प्रेषकांचे बोधचिन्ह प्रमाणपत्राविनाही दाखवतात. तशा एका खात्यावर दुपारपर्यंत नवे चित्र उमटलेही. एकाच बँकेचे एकाच दिवसाचे मेल तीन चेहऱ्यांनी फिरत होते.

दुपारी बँकेच्या व्यवस्थापकीय संचालकांसमोर बसले. त्यांचा पहिला प्रश्न साहजिक होता: पुरवठादाराला सांगून जुनी प्रत पुसून घेता येणार नाही का? तशी सोय नाही, हे मी स्पष्ट सांगितले. डीएनएसच्या नोंदीची साठवण-मुदत आम्ही एका तासाची ठेवली असली, तरी ती नोंदीपुरती असते. चित्राची प्रत किती काळ ठेवायची हे ज्याचे त्याने ठरवलेले असते, आणि शिवाय फोनवरचे ॲप स्वतःची वेगळी प्रत बाळगते. फाइलच्या पत्त्यापुढे नवा आकडा जोडावा, अशी सूचना संकेतस्थळवाल्यांनी केली. त्याने नवी फाइल उतरवली गेली असती, पण प्रमाणपत्राशी ती तरीही जुळली नसती. शेवटी मी बँकेच्याच भाषेत बोलले. खातेदाराने धनादेशावर नवी सही केली आणि बँकेकडची नमुना सही जुनीच असेल, तर तुम्ही धनादेश परत करता ना, तसेच हे झाले आहे. साहेब लगेच म्हणाले, "म्हणजे आधी नमुना बदलायला हवा."

पण नमुना बदलणे सोपे नव्हते. व्हीएमसीसाठी बोधचिन्ह नोंदणीकृत व्यापारचिन्ह असावे लागते, आणि नव्याचा तर अर्जही गेलेला नव्हता. जीमेलने सप्टेंबर २०२४ मध्ये सीएमसी (कॉमन मार्क सर्टिफिकेट) हे दुसऱ्या प्रकारचे प्रमाणपत्र मान्य केले, ज्याला व्यापारचिन्ह लागत नाही. पण ते बोधचिन्ह किमान १२ महिने जाहीरपणे वापरात असल्याचा पुरावा त्यासाठी लागतो. शिवाय जीमेलने मे २०२३ मध्ये आणलेली निळी खूण सीएमसीवर मिळत नाही, आणि आमचे सभासद नेमकी तीच पाहतात. १२ महिन्यांची ही अट जाचक आहे असे त्या खोलीत कोणी तरी म्हणाले. मला ती तशी वाटत नाही. काल काढलेले चित्र आज कोणीही बँकेच्या नावाशेजारी लावू शकला, तर त्या जागेला काही अर्थच उरणार नाही.

बँकांनी ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या फक्त बँकांसाठीच्या डोमेनवर स्थलांतर करावे, असे रिझर्व्ह बँकेने सांगितले होते. त्या वेळी प्रेषकाचा पत्ता कसा वाचायचा हे सभासदांना पुन्हा पुन्हा समजावले होते, आणि काकांची सावधगिरी त्यातूनच आली होती. अशा माणसांसमोर इनबॉक्समध्ये आणखी महिनोन्‌महिने जुनेच बोधचिन्ह ठेवावे, हा माझा सल्ला होता, आणि साहेबांनी तो मानला.

संग्रहातून मूळ फाइल काढून, एका अक्षराचाही फरक नसल्याची खात्री करून, ती जुन्या पत्त्यावर परत ठेवली. मग काकांना फोन करून मेल खरा असल्याचे सांगितले आणि पुढील काही दिवस मुद्रा कधी दिसेल, कधी दिसणार नाही, तेव्हा शंका आली तर शाखेतच विचारावे, असेही सांगितले. "विचारीनच," ते म्हणाले. नव्या मेलवर मुद्रा हळूहळू परतली. काही फोनांवर तिला अधिक वेळ लागला.

नव्या बोधचिन्हाचा व्यापारचिन्हासाठीचा अर्ज आता दाखल झाला आहे. ईमेलसाठीची फाइल आणि प्रमाणपत्र संकेतस्थळापासून वेगळ्या जागी हलवली असून तिथे लिहिण्याची परवानगी फक्त आमच्याकडे आहे. नवे प्रमाणपत्र मिळेल तेव्हा ते आणि नवी फाइल नव्या नावांनी चढतील, त्यानंतरच डीएनएसची नोंद बदलेल, आणि शेवटच्या पुरवठादाराची साठवलेली प्रत बदलल्याचे दिसेपर्यंत जुन्या दोन्ही फाइली जागच्या जागी राहतील.