दिवसभर पीपलमूव्हर

आज ऑर्लँडोला डिस्नीच्या मॅजिक किंगडम पार्कमध्ये होतो. लेक ऑटिस्टिक आहे, गर्दीच्या रांगेत त्याचा जीव घुसमटतो. म्हणून तिथली डीएएस (डिसॅबिलिटी अ‍ॅक्सेस सर्व्हिस), म्हणजे अशा मुलांना रांगेत उभं राहावं लागू नये म्हणून असलेली सोय, आधीच व्हिडिओ कॉलवर नोंदवून ठेवली होती. राइडला परत यायची वेळ मिळते, तोवर सावलीत बसायचं, काहीतरी खायचं. थांबावं तेवढंच लागतं, पण रांगेत नाही. फार मोठा आधार आहे हा.

त्याला आवडली ती पीपलमूव्हर. १९७५ पासून उंचावरून संथ फिरणारी गाडी. डब्यांना मोटर नाही, मोटरी खाली मार्गातच बसवलेल्या. हे त्याला घरूनच पाठ! कानावर हेडफोन, मान खाली, आणि मोटर दिसली की माझ्या मनगटावर बोटाने एक टकटक. उतरलो की पुन्हा तीच. सासूबाई म्हणाल्या, "अगं, एवढं महागाचं तिकीट, बाकीचं कधी बघणार?" मला नाही वाटत काही राहिलं. सुट्टी त्याचीही आहे.

आतषबाजीच्या आवाजाआधीच निघालो. कुणाला मुलांना घेऊन जायचं असेल तर नोंदणीचं मला खुशाल विचारा. आमचं उद्याही पीपलमूव्हरच!