पूरनिधीचा हिशेब मिटवताना

ऑगस्ट 2019 च्या महापुराच्या वेळी सांगली जिल्ह्यातील कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या तहसील कार्यालयात मी नैसर्गिक आपत्ती संकलनाचा, म्हणजे त्या शाखेचा, अव्वल कारकून होतो. निधी आला, वाटला, की काम संपले, अशी तोवर माझी समजूत होती.

पाणी ओसरू लागताच पंचनामे सुरू झाले. पिकाचे नुकसान 33 टक्के वा त्याहून अधिक आहे का, हे तलाठी आणि कृषी सहायक शेतावर जाऊन ठरवीत. त्यावरून फारसे वाद झाले नाहीत. वाद झाले ते घराघरांत. ग्रामीण कुटुंबाला 10,000 रुपये सानुग्रह अनुदान होते, त्यांतील 5,000 रोख आणि उरलेले खात्यावर. पण कुटुंब म्हणजे शिधापत्रिका की चूल? एका पत्रिकेवर तीन भाऊ आणि तीन वेगळ्या चुली, असे प्रकरण दर गावात निघे. आम्ही चूल धरली आणि पंचांच्या सह्या घेतल्या. मात्र चूल कशावरून वेगळी मानली, हे पंचनाम्यात लिहायचे राहून गेले, आणि तेवढी एक ओळ पुढे लेखापरीक्षणात मला फार महाग पडली.

वाटप झपाट्याने झाले. रोख रकमेच्या वाटपपत्रकावर सही किंवा अंगठा असल्यामुळे तो हिशेब सरळ होता. खात्यावरच्या रकमा मात्र परत येऊ लागल्या. कुठे बँक शाखेचा आयएफएससी क्रमांक चुकलेला, कुठे खातेदार मयत आणि सातबारावर वारसांची नोंदच नाही, तर कुठे पडलेल्या घराचे 95,100 रुपये अशा जनधन खात्यात पाठवलेले, ज्यात 50,000 च्या वर शिल्लक ठेवता येत नाही. त्या बाईंनी तहसीलला किती खेपा घातल्या, हे आठवले की आजही ओशाळायला होते.

परत आलेली रक्कम शासनाची. ती बँक खात्यात पडून राहणे योग्य नव्हे. पुन्हा वाटायची की चलनाने शासनजमा करायची, हे 31 मार्चपूर्वी ठरवायचे होते, आणि मार्च 2020 च्या अखेरीस तर टाळेबंदीच लागली. शासनाच्या निधी वितरणाच्या संगणक प्रणालीवर मिळालेली तरतूद, कोषागारातून काढलेली रक्कम आणि लाभार्थ्यांना प्रत्यक्ष पोचलेली रक्कम, हे तिन्ही आकडे जुळल्याशिवाय निधी ठरल्या कामीच खर्च झाल्याच्या उपयोगिता प्रमाणपत्रावर साहेब सही करीनात, आणि त्यांचे बरोबरच होते. लेखाशीर्ष 2245, म्हणजे नैसर्गिक आपत्तीतील मदतीच्या खर्चाचे शीर्ष, त्याचा ताळमेळ मी गावनिहाय यादी आणि बँकेचा उतारा शेजारी ठेवून, एकेक नाव खुणावत लावला. लेखापरीक्षणातल्या चुलींच्या आक्षेपासाठी तलाठ्यांना पुन्हा गावोगाव पाठवून गॅस जोडणी आणि वीजबिले गोळा करावी लागली.

जुलै 2021 मध्ये नदी पुन्हा पात्राबाहेर आली, तेव्हा पंचनाम्याच्या नमुन्याला मी दोन जादा रकाने हाताने आखून जोडले: वेगळ्या चुलीचा पुरावा आणि पासबुकाची प्रत. तलाठी कुरकुरले, पण दोन्ही भरून आणले.