मांजरपाट

काल दुपारी श्रीखंडासाठी दही बांधायला घेतलं आणि फडक्याच्या कडेला बोटांना शिवण लागली. तिरकी, आईच्या हातची. अरे, हा तर माझा मोजा! उसवून सरळ केलेला.

जळवांसाठीचा मोजा. कॉलेज संपल्यावर आगुंब्याच्या जंगलात, नागराजाच्या, म्हणजे किंग कोब्राच्या, अभ्यासासाठी सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकरांनी 2005 मध्ये उभारलेल्या केंद्रावर मदतनीस म्हणून निघाले होते. गुडघ्यापर्यंतचे, दाट कापडाचे मोजे हवेत म्हणाले. बडोद्याच्या दांडिया बाजारात कोण विकतंय? आईने मांजरपाट काढला, वर नाडी ओवली. "साप बघायला कर्नाटकात कशाला? विश्वामित्रीच्या पुलावर उभी राहा, फुकटात मगरी दिसतात," हे मशीन चालवता चालवता दहादा.

आगुंब्याला वर्षाला 7000 मिलिमीटरच्या वर पाऊस. आमच्या बडोद्यात 900 च्या आसपास, आणि तेवढ्यातच नदी घरात येते. बसमधून उतरले तेव्हा भर दुपारी झाडांखाली अंधार होता. सॅकमध्ये दोन किलो भाकरवडी. केंद्रावर पोचेपर्यंत तिची पुरणपोळी झाली. वाटेत पाचोळ्यावर जळवा शेपटावर उभ्या राहून आरतीतल्या म्हाताऱ्यांसारख्या डुलत होत्या. मी मोज्यांच्या भरवशावर ऐटीत चालले.

पोचल्यावर नाडी सोडली तर आत दोघी जेवून तट्ट फुगलेल्या. नाडी सैल, त्या वरून उतरलेल्या.

दुखलं मात्र काहीच नाही. तेव्हा आजोबांचा गुडघा आठवला. वैद्यबुवा काचेच्या बरणीतून जळवा आणत, मी दाराआडून बघायची. पोट भरलं की ती आपसूक गळून पडे, मग तिच्यावर हळद टाकून तिला ओकायला लावत. आजोबा म्हणायचे, "ये पुढे, चावत नाही ती." मी कधी गेले नाही. आणि इथे दोघींना पोटभर वाढून बसले होते. जळवेच्या लाळेतल्या हिरुडिनमुळे रक्त गोठत नाही. मांजरपाट संध्याकाळपर्यंत लालच होत राहिला.

नागराज दोन महिन्यांत एकदाच दिसला, तोही शेपटीकडून. पाल्याचं घरटं करणारी मादी काही दिसली नाही.

"आई, हा तोच मोजा ना गं?"

तिने वेलदोड्याच्या साली काढताना मानही वर केली नाही. "दोनदा उकळलाय. पाहुण्यांना सांगत बसू नकोस."