मारुती कुठपर्यंत बुडालाय ते सांग

नाशिकच्या आपल्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचं पत्र व्हॉट्सअ‍ॅपवर आलं आणि आधी बाईच आठवल्या. बाई म्हणजे मराठीच्या बाई, आपल्या शाळेत नुसतं बाई म्हटलं तरी पुरतं. समितीने शाळेबद्दल लिहा म्हटलंय, पण मी बाईंबद्दल लिहिणार आणि त्यांच्या त्या पेटीबद्दल.

फळ्याच्या वर प्रत्येक वर्गात ती स्पीकरची लाकडी पेटी होती. शनिवारी सकाळच्या शाळेत प्रार्थना झाली की हेडसरांच्या ऑफिसातून दहा मिनिटं शाळेचा रेडिओ लागायचा, सुविचार, बातम्या, एखादी कविता, सगळं बाई बसवून घ्यायच्या. मी सहावीत असताना श्रावणात गंगेला पूर आला (गोदावरी आपण फक्त भूगोलाच्या पेपरात लिहायचो) आणि बातम्यांची पाळी नेमकी माझी. मी पेपरमधून सगळं छान अक्षरात उतरवून आणलेलं, गंगापूर धरणातून इतके क्युसेक (म्हणजे सेकंदाला इतके घनफूट पाणी) विसर्ग वगैरे. बाईंनी कागद वाचला, घडी करून स्वतःच्या पर्समध्ये टाकला आणि म्हणाल्या, "पाचवी ब ला क्युसेक कळतो का गं? दुतोंड्या मारुती कुठपर्यंत बुडालाय ते सांग."

दुतोंड्या मारुती म्हणजे नदीपात्रातली ती मोठी मूर्ती, पूर किती चढला ते नाशिककर तिच्यावरूनच ओळखतात. पण पाणी कुठपर्यंत आलंय ते मला कुठे माहीत होतं! मी रडवेली झाले, घंटा व्हायला पाच मिनिटं, मग बाईच मला घेऊन शिपाईमामांकडे गेल्या कारण ते सकाळी नदीवरून सायकलने आलेले. मामा म्हणाले, छातीला लागलंय पाणी. मी माईकवर तेवढंच सांगितलं, मारुतीच्या छातीला पाणी लागलंय, भांडीबाजार सराफबाजाराकडच्या मुलांनी शाळा सुटल्यावर सरळ घरी जायचं, पूर बघायला थांबायचं नाही. आणि अख्ख्या व्हरांड्यातून सगळ्या वर्गांचा एकदम "ओऽऽ" ऐकू आला, तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

बाईंची दुसरी शिकवण, प्रश्न विचारलास की थांब, ऐकणाऱ्यालाही बोलायचं असतं.

आता मी इगतपुरी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. जून 2020 मध्ये शाळा बंद, पोरांकडे मोबाईल नाही, तेव्हा आपल्या नाशिकच्या रेडिओ विश्वासवर, 90.8 वर, तिसरी ते दहावीचे 'शिक्षण सर्वांसाठी' पाठ सुरू झाले, दीडशे शिक्षकांनी आवाज दिला आणि त्यात मी होते. पहिलाच पाठ काटकोनाचा. फळा नाही, खडू नाही, "आकृतीत दाखवल्याप्रमाणे" म्हणायची सोय नाही. मला क्युसेक आठवला. मी म्हटलं, उठा, दाराच्या चौकटीचा कोपरा बोटाने चाचपा, कसा लागतोय? आणि थांबले, मनात पाच अंक मोजले.

कम्युनिटी रेडिओचा ट्रान्समीटर लहान, दहा-पंधरा किलोमीटरच्या पुढे फारसा जात नाही, त्यामुळे आमच्या तालुक्यात यूएसबीवाले रेडिओ संच वाटले होते आणि पाठ त्यात भरून. भाताची आवणी चालू असताना एक पोरगी बांधावर रेडिओ ठेवून चिखलात उभी राहून उत्तरं देत होती, तिच्या आईने मला नंतर सांगितलं. 2022 ला या कार्यक्रमाला राष्ट्रीय कम्युनिटी रेडिओ पुरस्कार मिळाला तेव्हा अभिनंदनाचे खूप फोन आले, पण मी थांबले होते बाईंच्या फोनसाठी. त्या पंचवटीत घरी बसून माझे पाठ ऐकायच्या. म्हणाल्या, "कोपऱ्याचं छान केलंस. थांबलीस पण नीट." बस्स. मी किचनमध्ये उभी राहून रडले.

मागच्या दिवाळीत शाळेत डोकावले तर फळ्यावर पेटी नव्हती, स्मार्ट बोर्ड होता, चांगला आहे, पोरं खुश आहेत, पण शनिवारची ती दहा मिनिटं बंद झालीयेत हे ऐकून खरंच वाईट वाटलं. समितीला हात जोडून विनंती, एखादी पेटी स्टोअररूममध्ये पडली असेल तर भंगारात देऊ नका. कार्यक्रमाला बाई येणार आहेत. ती पेटी स्टेजवर लावा, माईक जोडायचं काम माझं, आणि बातम्या सहावीच्या मुलीने वाचायच्या, बाईंनी कागद तपासल्यावर.