उसन्या सोडियमचा हिशेब

इंदूर, शनिवार रात्र

दिवसभर पाऊस. या दिवसांत आमच्या सोडियम बॅटरीच्या लॅबचा मूड हवेतल्या दमटपणावर ठरतो. बॅटरीच्या धन इलेक्ट्रोडसाठी आम्ही बनवतो ती सोडियमची थरांची ऑक्साइडं हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात. नऊशे अंशांच्या भट्टीतून काढलेली काळी पूड जरा उघडी राहिली की तिच्यावर सोडियम कार्बोनेट धरतं, आणि मग तिची स्लरी, म्हणजे इलेक्ट्रोडसाठीचा पातळ लेप, अशी घट्ट होऊन बसते की ॲल्युमिनियमच्या फॉइलवर पसरतच नाही. म्हणून पूड गरम असतानाच ग्लव्ह बॉक्समध्ये, म्हणजे हातमोजे बसवलेल्या हवाबंद पेटीत, ढकलायची. बाहेर कितीही कोसळो, आत आर्गॉन.

दुपारी माझा विद्यार्थी जवळजवळ पळतच आला. "मॅडम, एकशे पंच्याऐंशी!" म्हणजे ग्रॅममागे तेवढे मिलिअँपिअर-तास, पदार्थाची क्षमता. मी विचारलं, "आणि पहिल्या चार्जला किती होतं?" शंभरच्या आसपास, म्हणाला. "मग वरचं कुठून आलं?"

पोरगा गप्प. चांगला गप्प, विचार करत होता.

आमच्या या मँगनीज-लोहाच्या पदार्थात सोडियमच्या तीन जागांपैकी साधारण दोनच भरलेल्या असतात. कॉइन सेलमध्ये, म्हणजे चाचणीच्या नाण्याएवढ्या बॅटरीत, समोर सोडियम धातूची अख्खी चकती असते. डिस्चार्ज करताना रिकाम्या जागाही भरतात, त्या चकतीतून. आकडा खोटा नाही, पण त्यातलं बरंच सोडियम पदार्थाचं स्वतःचं नाही. उसनवारीवर चाललेला संसार आहे तो. खऱ्या बॅटरीत समोर हार्ड कार्बन, म्हणजे कोळशासारखा कडक कार्बन, असतो. त्याच्याजवळ स्वतःचं काही नसतं, उलट पहिल्याच चार्जला तो थोडं सोडियम कायमचं गिळतो.

मग फळ्यावर त्याच्याकडूनच गुणाकार करून घेतला. चार्ज-डिस्चार्जच्या दर फेरीला ९९ टक्के सोडियम परत येत असेल, तर शंभर फेऱ्यांनंतर उरतात ३७ टक्के. ९९.९ असेल तर नव्वद. धातूची चकती ही सगळी तूट गुपचूप भरून काढते, त्यामुळे आलेख छान सपाट दिसतो.

"पण पेपरात सगळे असंच देतात, मॅडम." देतात खरे. जपानमधून २०१२ मध्ये याच घराण्यातल्या पदार्थाचे १९० मिलिअँपिअर-तास आले, तेव्हा आम्ही कितीतरी जण सोडियमकडे वळलो. कोबाल्ट नाही, निकेल नाही, नुसतं लोह आणि मँगनीज! त्या लोकांनी समोर धातू आहे हे लपवलं नव्हतं. पुढच्यांनी आकडा तेवढा उचलला.

रामबागेतले मामा मागच्या रविवारी पोह्यांवर शेव घालता घालता म्हणाले, "अगं, तुझी बॅटरी ई-रिक्षात कधी बसणार?" या प्रश्नाचा मला पूर्वी राग यायचा. आता मी त्यांना मंथिराम यांची गोष्ट सांगते. अरुमुगम मंथिराम आयआयटी मद्रासचे. ऐंशीच्या दशकात बॅटरीशास्त्रज्ञ जॉन गुडइनफ यांच्याकडे काम करताना त्यांनी दाखवलं की लोह तेच, पण ऑक्साइडऐवजी सल्फेटमध्ये बसवलं की व्होल्टेज चढून ३.६ व्होल्टवर जातं. शेजारी बदलला की लोहाचा स्वभाव बदलतो. त्याच वाटेवर १९९७ मध्ये लिथियम आयर्न फॉस्फेट आलं, आणि आज ते गाड्यांत, बसेसमध्ये धावतंय. २०१९ मध्ये ९७ वर्षांच्या गुडइनफना नोबेल मिळालं, तेव्हा त्यांचं व्याख्यान मंथिराम यांनीच दिलं. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे अजून वेळ आहे." आहेच.

मला स्वतःला या धंद्यात धरून ठेवलं ते इंडस-२ या सिंक्रोट्रॉननं, म्हणजे इलेक्ट्रॉन वर्तुळात फिरवून एक्स-रे काढणाऱ्या यंत्रानं. आपल्याच गावात, १७२ मीटर घेराचं वर्तुळ, आणि त्यातून निघणारे एक्स-रे. मँगनीजची शोषणरेषा साडेसहा हजार इलेक्ट्रॉनव्होल्टजवळ असते. ती किती सरकली यावरून मँगनीजचा धन भार तीनवर आहे की चारवर, ते कळतं. तीनवरचं मँगनीज भोवतीच्या ऑक्सिजनांचा आपला अष्टफलक एका बाजूनं ताणतं, आणि हे ताणणं-सुटणं फेरी-फेरीला होत राहिलं की कण तडकतो. क्षमता का उतरली याचं उत्तर आलेखात नसतं, तिथे असतं. बीमटाइम, म्हणजे तिथे मोजमापाची वेळ, मिळवायला अर्ज करून वाट बघावी लागते, तो भाग सोडून देऊ.

पेपर मी थांबवलाय. आधी हार्ड कार्बनसमोर फुल सेल, म्हणजे खऱ्या बॅटरीसारखी जोडी, वजनं दोन्ही बाजूंची मोजून. आकडा बहुतेक शंभराच्या खाली येईल. सहलेखकांपैकी एकानं रात्रीच फोन करून कुरकुर केली. त्यांना म्हटलं, सोमवारी नवा इलेक्ट्रोड कोट करतोय, पाऊस उघडला तर.