बुवांच्या लयीवर ग्रिड बसवताना: अभंगाच्या प्रोजेक्टची नोंद

आमच्या मंडळातल्या बुवांचा एक अभंग रीपरमध्ये (संगणकावर रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग करायचं सॉफ्टवेअर) घेतलाय. गळा आणि पेटी एका माइकवर, पखवाज दुसऱ्यावर, दोन्ही एकाच वेळी, क्लिकशिवाय (म्हणजे कानात मेट्रोनोमची टिकटिक न देता). टाळ, वीणा आणि मागची झील (साथीदारांचा कोरस) नंतर चढवायची. आता मांडणी पूर्ण झाली आणि फायली बाहेरही पडल्या. त्यात जे हाती लागलं ते इथे मांडतो, कारण भजन, कीर्तन, लोकगीतं घेऊन बसलेल्या सगळ्यांसमोर हीच कामं येतात.

सगळ्यात जास्त वेळ लयीवर गेला आणि तो जायलाच हवा होता. बुवा क्लिकवर गात नाहीत, गाऊही नयेत. सुरुवातीला एक आवर्तन साधारण ६.४ सेकंदांचं आहे. आठ मात्रांचा भजनी ठेका, म्हणजे मात्रा ०.८ सेकंदाची, म्हणजे ७५ बीपीएम (मिनिटाला ७५ मात्रा). शेवटच्या गजराला तेच आवर्तन ४ सेकंदांत पडतं, म्हणजे १२० बीपीएम. ही चढण एकसारखी नाही. दुसऱ्या चरणानंतर बुवा धृपदावर परत येतात तेव्हा लय एकदम पुढे सरकते, मग तिथेच स्थिरावते. हे सगळं ऑडिओ ताणून सरळ ग्रिडवर (पडद्यावरच्या मात्रांच्या उभ्या रेघांवर) बसवता येतं, पण मग अभंगातला जीवच जातो. म्हणून उलटं केलं: ग्रिडच बुवांच्या मागे चालवला.

पद्धत अशी. टाइम सिग्नेचर (एका मेजरमध्ये, म्हणजे ग्रिडच्या एका खणात, किती मात्रा ते) ४/४ न ठेवता ८/४ केली, म्हणजे एक मेजर बरोबर एक आवर्तन, आणि सम (आवर्तनाची पहिली मात्रा) नेहमी मेजरच्या रेघेवर. वरच्या पट्टीवरचा (रूलरवरचा) आकडा वाचला की कितवं आवर्तन चाललंय ते कळतं. (रूपक असेल तर ७/४, झपताल असेल तर १०/४. पाश्चात्त्य चौकटीत ताल कोंबण्यापेक्षा हे फार सुटसुटीत.) मग पखवाजाच्या ट्रॅकवर समेची थाप मोठी करून पाहायची, एका समेपासून पुढच्या समेपर्यंत टाइम सिलेक्शन करायचं आणि त्या सिलेक्शनचं मेजर बनवणारी अ‍ॅक्शन चालवायची. टेम्पो आपोआप काढला जातो. संथ भागात दर आवर्तनाला टेम्पो मार्कर (तिथली लय सांगणारी खूण) लागला. गजरात लय पक्की होती, तिथे चार-चार आवर्तनांना एक पुरला. लय सावकाश वाढते तिथे मार्करच्या खिडकीत टेम्पो हळूहळू बदलण्याचा पर्याय निवडला, नाहीतर प्रत्येक समेवर टाळाला बारीक धक्का बसतो आणि तो कानाला लगेच कळतो.

याआधी एक सेटिंग करून घेणं अत्यावश्यक आहे. प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये आयटमचा (ट्रॅकवरच्या रेकॉर्डिंगच्या तुकड्याचा) टाइमबेस, म्हणजे तो कशाला बांधलेला राहील ते, ‘टाइम’ हवा. तो ‘बीट्स’वर असेल तर टेम्पो मार्कर टाकताच रेकॉर्ड केलेला गळा सरकेल किंवा ताणला जाईल. फक्त टाळाचा मिडी ट्रॅक (ज्यात आवाज नसतो, कुठला आघात कधी आणि किती जोरात ते लिहिलेलं असतं) ‘बीट्स’वर ठेवायचा, त्याला लयीसोबत हलायचंच आहे. ट्रॅकवर राइट क्लिक करून हा टाइमबेस वेगळा देता येतो.

टाळ मी स्वतः सॅम्पल केले. मंडळातलीच जोडी घेऊन मोकळा, दाबलेला आणि कडेवरचा असे आघात हलक्यापासून जोरकसपर्यंत रेकॉर्ड केले. रीसॅम्पलोमॅटिक नावाचं रीपरमधलं साधं सॅम्पलर प्रत्येक आघातासाठी एकेक लावलं आणि व्हेलॉसिटीच्या (आघाताच्या जोराच्या) हद्दी वाटून दिल्या. हलकं वाजवलं की हलक्या आघाताची फाइल वाजते, जोरात वाजवलं की दुसरी. मिडी एडिटरमध्ये ह्युमनाइझची (आघात आपोआप थोडे इकडेतिकडे करण्याची) सोय आहे, ती वापरून पाहिली आणि काढून टाकली. टाळकऱ्याचा हात सरधोपट इकडेतिकडे होत नाही. तो समेवर भरीव पडतो, सातव्या-आठव्या मात्रेला किंचित रेंगाळतो आणि धृपद सुरू होताना खुलतो. हे सगळं हाताने लिहिलं. काम चिकाटीचं आहे, पण फरक जमीन-अस्मानाचा.

तानपुऱ्याबद्दल थोडं. बुवांची पट्टी काळी एक, पण पेटी जुनी आहे. ट्यूनर लावला तर ती ४४० हर्ट्झच्या प्रमाण मापापेक्षा साधारण १२ सेंट (सेंट म्हणजे सेमीटोनचा शंभरावा भाग) चढी निघाली. तानपुऱ्याची फाइल नेमक्या मापाची होती, दोन्ही एकत्र वाजले की षड्जावर सावकाश हेलकावे यायचे. आयटम प्रॉपर्टीजमध्ये पिचला ०.१२ लिहिलं आणि षड्ज मिळाला. जुन्या पेटीसोबत काम करणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी हे तपासावं.

पखवाज गळ्याच्या माइकपासून साधारण दोन मीटरवर होता, त्यामुळे त्याचा आवाज तिथे सुमारे ६ मिलिसेकंद उशिरा पोचतो. पखवाजाचा ट्रॅक तेवढाच उशिरा वाजेल असा सरकवून पाहिला. डाव्या पुडीचा घुमारा भरला, म्हणून तसाच ठेवला.

मांडणीत माझं मत पक्कं झालंय: टाळ उशिरा आणावेत. आलापाला फक्त तानपुरा आणि पेटी. पहिलं धृपद पखवाजावर. टाळ धृपदाच्या दुसऱ्या फेरीला, तेही दाबलेले. मोकळे टाळ आणि पखवाजाची लग्गी तिसऱ्या चरणानंतरच. टाळाचा झणत्कार गळ्यातल्या ‘स’, ‘श’, ‘च’ या उच्चारांच्याच पट्ट्यात पसरतो आणि सुरुवातीपासून वाजत राहिला तर शब्द पुसट होतात. अभंगात शब्द आधी. चरणांच्या वेळी टाळाची वरची बाजू ईक्यूने तीनेक डेसिबल उतरवलीय, गजरात मात्र पूर्ण सोडलीय. आलाप, धृपद, प्रत्येक चरण आणि गजर यांचे वेगवेगळ्या रंगांचे रीजन (नाव दिलेले भाग) केले, त्यामुळे सरावासाठी एखादाच चरण रेंडर करता येतो, म्हणजे त्याची वेगळी फाइल काढता येते.

आता एक्सपोर्ट. मंडळातल्या एकांचा मुलगा परदेशात असतो, तो मिक्स करणार आहे, म्हणून त्याला स्टेम (प्रत्येक ट्रॅकची वेगळी फाइल) हवे होते. रेंडरच्या खिडकीत सोर्स म्हणून ‘स्टेम्स’ निवडलं, हद्द पूर्ण प्रोजेक्टची, नावात ट्रॅकचा क्रमांक आणि ट्रॅकचं नाव आपोआप भरणारे वाइल्डकार्ड (सांकेतिक शब्द). झील दीड मिनिटानंतर येते, तरी तिची फाइल शून्यापासूनच सुरू होते. समोरच्याने सगळ्या फायली एका रेघेत ठेवल्या की काम झालं. शेवटी ३ सेकंदांची टेल (जादा शेपूट) दिली, नाहीतर शेवटच्या टाळाची आस कापली जाते. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह. मोनो ट्रॅकला मिनिटाला साधारण ८.६ एमबी लागतात, स्टिरिओला दुप्पट. पाठवताना फ्लॅक केलं, आवाज जसाच्या तसा राहतो आणि आकार बराच उतरतो. स्टेम एमपी३ मध्ये कधीच देऊ नका. एन्कोडर फाइलच्या सुरुवातीला थोडी शांतता भरतो, फायली एकमेकींपासून सरकू शकतात, शिवाय दर्जाही जातो.

रीपरमध्ये असे काढलेले स्टेम मास्टरवरच्या (सगळे ट्रॅक एकत्र होतात त्या शेवटच्या ट्रॅकवरच्या) इफेक्टमधून जात नाहीत, हे लक्षात असू द्या. मास्टरवर लिमिटर (आवाज ठरावीक पातळीवर रोखणारा इफेक्ट) असेल तर स्टेमची बेरीज आणि तुमचं मिक्स सारखं येणार नाही. मी मास्टरवरचे इफेक्ट बंद करून एक पूर्ण मिक्स काढलं, नव्या प्रोजेक्टमध्ये सगळे स्टेम ठेवले आणि त्यांच्यासोबत ते मिक्स पोलॅरिटी उलटी करून वाजवलं, म्हणजे दोन्ही सारखे असतील तर एकमेकांना पुसून टाकतात. संपूर्ण शांतता. एकही ट्रॅक सुटलेला नाही, एकही फेडर हललेला नाही, याची एवढी खात्रीशीर चाचणी दुसरी नाही. (रिव्हर्बमध्ये मॉड्युलेशन असेल तर थोडा आवाज उरतो, ते चालायचंच.)

मंडळाच्या ग्रुपसाठी वेगळी फाइल काढली: १९२ केबीपीएस एमपी३, लाउडनेस -१६ एलयूएफएस (सरासरी मोठेपणाचं माप), ट्रू पीक (आवाजाचं सर्वोच्च टोक) -१ डीबी. स्पॉटिफाय -१४ ला आणतं, म्हणून बरेच जण तिथवर ढकलतात. पण आलाप ते गजर ही चढण अभंगाचा प्राण आहे, ती दाबून आकडा गाठण्यात मला रस नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे जशी आहे तशी पोचते.

बुवांनी ऐकून एकच मागणी केली: मुलींच्या सरावासाठी गळ्याशिवायची प्रत, पांढरी चारमध्ये. काळी एकपासून चार सेमीटोन वर. पेटी गळ्याच्याच माइकवर आहे, त्यामुळे गळा काढला की पेटीही जाते. ती नव्याने वाजवून घेणार आहोत, थेट पांढरी चारमध्ये, याच टेम्पो मॅपवर (टेम्पो मार्करांच्या मांडणीवर). पखवाज आणि टाळ आहेत तसेच राहतील. तानपुरा मात्र चार सेमीटोन चढवला की पातळ वाटतो, म्हणून पांढरी चारचीच नवी फाइल शोधतोय. कुणी स्वतः रेकॉर्ड केलेला बायकांच्या पट्टीचा तानपुरा वापरत असेल तर जरूर सांगा.